हयातीचा हिशेब

मे महिन्याच्या एकतिसाव्या दिवशी नागपुरातील सरकारी कचेऱ्यांमधून निरोपसमारंभांची जी दाटी होते, तिचे कारण परप्रांतातील माणसास चटकन उमगणारे नाही. गेल्या पिढीत ज्या मुलांच्या जन्माची नोंद गावच्या दफ्तरी धडपणे झालेली नसे, त्यांना शाळेत घालताना गुरुजी जन्मतारीख १ जून अशी लिहून मोकळे होत. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला शासकीय सेवक आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी सेवानिवृत्त व्हावा असा नियम असल्यामुळे, गुरुजींनी हजेरीपटावर केलेल्या त्या सोयीची परिणती, वयाला अठ्ठावन्न वर्षे पुरी होताच, एकाच दुपारी कित्येक माणसांच्या निवृत्तीत होते.

माझ्या परिचयातील एक विद्यार्थिनी, मूळची काटोलची, नागपुरात संख्याशास्त्र शिकणारी, यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यातील एका सल्लागार कंपनीत इंटर्नशिप करून परतली. अ‍ॅक्च्युअरी ज्याला म्हणतात त्या विमागणितज्ञाच्या हाताखाली, निरनिराळ्या कारखान्यांच्या ग्रॅच्युइटीचे आणि निवृत्तिवेतनाचे मूल्यांकन करणे हे त्या कंपनीचे काम. आज नोकरीत असलेल्या माणसाला निवृत्तीच्या दिवशी, किंवा त्या दिवसापासून मरेपर्यंत, जे द्यावयाचे मालकाने कबूल केले आहे, त्याचे आजच्या तारखेचे मोल काय, हा त्या विद्येचा मूळ प्रश्न होय. तो उच्चारायला सोपा आहे. परंतु त्याच्या उत्तरात माणसाचे वय, त्याची वेतनवाढ, नोकरी सोडून जाण्याची शक्यता, व्याजाचा दर आणि मृत्यूची संभाव्यता इतक्या गोष्टी एकत्र येत असल्यामुळे, त्या मुलीने महाविद्यालयात तीन वर्षे निरनिराळ्या प्रश्नपत्रिकांत वाटून अभ्यासलेले सारे विषय तिच्यासमोर एकाच कोष्टकात येऊन उभे राहिले.

प्रारंभ मात्र गणिताने झाला नाही. तो याद्या तपासण्याने झाला. कारखान्याकडून कर्मचाऱ्यांची जी यादी येते, तीत कोणाची नोकरीस लागल्याची तारीख जन्मतारखेच्या आधीची असते, कोणाचे वेतन गतवर्षीपेक्षा निम्मे झालेले दिसते, कोणाचे नाव दोनदा येते. आणि अशा प्रत्येक विसंगतीचे टिपण करून तिचा खुलासा मागविल्यावाचून पुढे पाऊल टाकायचे नाही, अशी त्या कामाची शिस्त आहे. विदर्भातील एका कारखान्याच्या यादीत तिला १ जून ही तारीख पुन्हापुन्हा आढळली. शेजारी बसणाऱ्या, महानगरात वाढलेल्या सहकाऱ्याला ती संगणकाने भरलेली खोटी तारीख वाटली आणि साऱ्या नोंदी परत पाठवाव्यात असा त्याचा आग्रह होता. या तारखा कोठून आल्या हे तिने समजावून सांगितले, एवढेच नव्हे तर मूल्यांकनात त्याच ग्राह्य धरल्या पाहिजेत असेही सुचविले. कारण माणूस कधी जन्मला हे कोणास ठाऊक नसले तरी तो कधी निवृत्त होणार हे कागदोपत्री असलेली तारीखच ठरविते. तिच्या वरिष्ठांनी ते मान्य केले. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. ज्या ज्ञानाला आपली मुले खेड्यातले म्हणून लपवू पाहतात, त्याची गरज या विद्येला पावलोपावली पडते, हे त्यांना कुणीतरी सांगितले पाहिजे.

दुसरा धडा व्याजदराचा. वीस वर्षांनी द्यावयाच्या एक लाख रुपयांचे आजचे मोल, दरसाल सात टक्के चक्रवाढ धरल्यास सुमारे २५,८४२ रुपये होते; तोच दर सहा टक्के धरला तर ते ३१,१८० रुपयांवर जाते. म्हणजे एका टक्क्याच्या फरकाने देण्याचा बोजा पाचव्या हिश्श्याने वाढला, आणि एवढ्यात एकाही कामगाराचा पगार वाढलेला नाही की एकही नवा माणूस नोकरीस लागलेला नाही. असा दर मालकाला मनास येईल तसा धरता येऊ नये म्हणून हिशेबाच्या मानकांनी तो सरकारी रोख्यांवरील व्याजाशी बांधून टाकला आहे. आणि तो एक टक्क्याने वर किंवा खाली गेला तर देण्याचा आकडा किती हलेल, हेही बहुधा अहवालात मांडावे लागते. तिने काढलेला प्रत्येक आकडा दुसरा माणूस तपासी, त्यावर तिसरा नजर फिरवी, आणि अखेरची सही ज्याने साऱ्या परीक्षा उत्तीर्ण केल्या आहेत अशा अ‍ॅक्च्युअरीचीच असे. करणारा आणि तपासणारा एक असू नये, हा दंडक तिच्या मनावर इतका बिंबला आहे की घरचा किराण्याचा हिशेबही ती आता आईकडून तपासून घेते.

तिसरी गोष्ट जीवनसारणीची. कोणत्या वयाच्या एक लाख माणसांपैकी पुढील वाढदिवसापर्यंत किती दगावतात याची ती सारणी, आणि आपल्याकडे अशा कामात प्रायः वापरली जाणारी सारणी विमा उतरविलेल्या भारतीयांच्या अनुभवावरून, २०१२ ते २०१४ या काळातील नोंदींवरून, सिद्ध झालेली आहे. विमा ज्याने उतरविला तो मनुष्य बहुधा पोटापुरते कमावणाऱ्याहून बरा असतो. तेव्हा जिनिंगमध्ये सरकीच्या धुळीत तीस वर्षे काढलेल्या मजुराचे आयुष्य या सारणीत कितपत उतरले असेल, हा प्रश्न तिला पडला, आणि तो रास्त आहे. एकोणिसाव्या शतकात परदेशी विमा कंपन्या भारतीयांच्या आयुष्याची खात्री नाही म्हणून त्यांच्याकडून जादा हप्ता घेत असत. १८७० च्या सुमारास स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने भारतीयांचा विमा सर्वसामान्य दराने उतरविण्यास आरंभ केला. कोणाच्या मृत्यूची मोजदाद झाली आणि कोणाची झाली नाही, यावर पुढच्या पिढ्यांचे पैसे अवलंबून असतात.

माणूस अपेक्षेहून अधिक जगला तर देणाऱ्याचे काय होते, याचे आपल्या इतिहासातील ठळक उदाहरण दुसऱ्या बाजीरावाचे आहे. ३ जून १८१८ रोजी तो सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला तेव्हा त्याचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते, आणि सालिना आठ लाख रुपयांपेक्षा कमी नसलेला तनखा त्यास हयातीपर्यंत मिळेल असे माल्कमने कबूल केले. कलकत्त्याच्या वरिष्ठांना ती रक्कम अवाच्यासवा वाटली, परंतु वचन गेले होते. बाजीराव ब्रह्मावर्तास जाऊन राहिला आणि २८ जानेवारी १८५१ पर्यंत, वयाच्या शहात्तराव्या वर्षापर्यंत, जगला; कंपनी सरकारला बत्तीस वर्षांहून अधिक काळ तो तनखा द्यावा लागला आणि त्याची बेरीज अडीच कोटींच्या पलीकडे गेली. त्याच्या पश्चात दत्तकपुत्र नानासाहेबांना तो चालू ठेवण्यास डलहौसीने नकार दिला, त्याचे पर्यवसान आपणांस विदित आहे. एका माणसास वचन देताना त्याच्या आयुष्याविषयी काय गृहीत धरले, वारसांविषयी काय लिहिले आणि काय मोघम ठेवले, याला राज्ये हलविण्याइतके सामर्थ्य असते. आज आपण लक्षावधी माणसांना असे वचन देत आहोत.

नागपूरला तर या विषयाशी विशेष नाते आहे. १ जानेवारी १८७७ रोजी येथे सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी उभारला, ही गोष्ट कायद्याने कोणी सक्ती करण्याच्या कितीतरी आधीची आहे. त्या गिरणीच्या जागेवर आज व्यापारी संकुल उभे आहे. गिरण्या बंद पडल्या तरी त्यांतील माणसे जगतात, आणि म्हणूनच निधी मालकाच्या भरभराटीपासून वेगळा काढून ठेवावा लागतो. या विद्यार्थिनीचे आजोबा विदर्भातील एका बंद पडलेल्या सूतगिरणीत होते. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली त्यांना महिन्याकाठी जे मिळते ते २०१४ साली ठरलेल्या किमान हजार रुपयांच्या घरातले आहे, आणि त्यावर महागाई भत्ता नाही. या योजनेचे सूत्र तिने इंटर्नशिपवरून परतल्यावर आजोबांना कागदावर मांडून दाखविले: निवृत्तिवेतनास पात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. आजच्या पंधरा हजारांच्या कमाल मर्यादेवर पंचवीस वर्षे सेवा झाली तरी ते ५,३५७ रुपये भरते. बुलढाण्यात याच निवृत्तांनी साडेसात हजार आणि महागाई भत्ता मिळावा म्हणून दीर्घकाळ साखळी उपोषण चालविले आहे. आजोबांनी सूत्र समजून घेतले आणि विचारले, की मग एवढ्या पैशांत भागेल असे धरले कोणी? त्यांच्या नातीजवळ उत्तर नव्हते. ते गणिताचे उत्तर नव्हेच; वेतनाची मर्यादा आणि अंशदानाचा दर ही संसदेची व सरकारची जबाबदारी आहे, अ‍ॅक्च्युअरी केवळ त्याचे फळ दाखवितो.

तथापि त्या योजनेत एक चांगली तरतूद आहे: निधीचे मूल्यांकन दरवर्षी झाले पाहिजे. खासगी कारखान्यावरही हिशेबाच्या मानकांनी तेच बंधन घातले आहे. या बंधनातून बाहेर आहे ते खुद्द राज्य सरकार. शासनाचा जमाखर्च रोखीच्या तत्त्वावर लिहिला जात असल्याने, यंदा निवृत्तांना किती अदा केले एवढेच अर्थसंकल्पात दिसते. आज सेवेत असलेल्यांना व निवृत्त झालेल्यांना पुढे जे देणे लागेल, त्याचे आजचे मोल ताळेबंदात कोठेच येत नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन बंद झाले, तो निर्णय अशा मूल्यांकनाचा आकडा लोकांपुढे न ठेवताच झाला. आणि डिसेंबर २०२२ मध्ये जुनी योजना परत आणल्यास १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल असे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नागपूरच्या अधिवेशनात सांगितले, तेव्हा तो आकडा किती वर्षांचा, कोणत्या व्याजदराने आजच्या मोलास आणलेला, माणसे किती जगतील असे धरून काढलेला, हे प्रश्न सभागृहात वा बाहेर कोणी नेटाने विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांनी संप केला. समिती नेमली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली आणि राज्याने ती लागलीच स्वीकारली. एवढा प्रवास झाला, आणि पंधरा-वीस वर्षांच्या देण्याचे कोष्टक मात्र लोकांपुढे आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मोर्चात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणणाऱ्या शिक्षकाचे भय मला खरे वाटते आणि तिजोरी सांभाळणाऱ्याचेही. पण इंटर्नशिप करणाऱ्या मुलीला जो आकडा गृहीतकांवाचून लिहिण्याची मुभा नाही, तो राज्याने तसा उच्चारावा, हे मला मान्य नाही.

सामग्री नाही, ही सबब चालणारी नाही. विदर्भाचे अकरा आणि मराठवाड्याचे आठ जिल्हे यांची निवृत्तिवेतनाची प्रकरणे नागपूरच्या महालेखाकार कार्यालयातून मंजूर होतात. दर नोव्हेंबरात निवृत्त मंडळी हयातीचा दाखला देतात, आणि ज्याचा दाखला येत नाही त्याचे निवृत्तिवेतन थांबते. कोण किती वर्षे जगले याची नोंद अशा रीतीने दशकानुदशके साठत आली आहे. तिच्यावरून या एकोणीस जिल्ह्यांतील निवृत्तांची स्वतंत्र जीवनसारणी करता येईल, आणि नावे-पत्ते वगळून ही नोंद शासकीय विज्ञान संस्थेच्या व विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दिली तर त्यांना पुण्यामुंबईस न जाताही ही विद्या शिकता येईल. त्या मुलीला हे सुचविताच तिने वहीत पहिले काम लिहिले ते याद्या तपासण्याचे.

नागपूर करारानुसार दरसाल विधिमंडळ येथे भरते. यंदाच्या हिवाळी अधिवेशनात वित्तमंत्र्यांनी राज्याच्या निवृत्तिवेतनविषयक देण्याचे, अ‍ॅक्च्युअरीच्या सहीचे, सर्व गृहीतके उघड करणारे आणि मराठीत लिहिलेले मूल्यांकन सभागृहापुढे ठेवावे, आणि कर्मचारी संघटनांनी आपल्या मागण्यांच्या यादीत ही मागणी सर्वांत वर लिहावी, अशी माझी उभयतांना विनंती आहे.