लाठी : देखाव्याची कीं शिक्षणाची?

गेल्या स्नेहसंमेलनांत आपल्या विद्यार्थ्यांनीं लाठीचे हात करून दाखविले. ढोलाच्या तालावर चाळीस लाठ्या एकदम फिरल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि दुसऱ्या दिवशीं त्या सर्व लाठ्या कोठारांत गेल्या. त्या अद्याप तेथेंच आहेत.

जिचा आपण देखावा केला ती विद्या सामान्य नव्हे. लाठी, बनेटी, फरीगदगा, दांडपट्टा हीं एकाच घरचीं भावंडें. फरीगदग्यांत एका हातीं लहान ढाल व दुसऱ्या हातीं चामड्यानें मढविलेली काठी असते. तलवारीचा हात रक्त न सांडतां शिकतां यावा म्हणून ही योजना. दांडपट्ट्याच्या खोबळ्यांत हात घातला कीं मनगट बांधल्यासारखें होतें. वार खांद्यांतून व पावलांतून काढावा लागतो. पाऊल चुकलें तर तें लवचिक पातें स्वतःच्याच अंगावर यावयाचें. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं या शस्त्रास राज्यशस्त्राचा मान दिला. परंतु पट्टा चालविणारे किती उरले, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवीं मोजावें.

शेजारच्या अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें, आणि १९३६ सालीं त्या मंडळाच्या पथकानें बर्लिन येथें ऑलिंपिकच्या प्रसंगीं देशी खेळ करून दाखविले. तोहि देखावाच, पण त्याच्या मागें रोजचा आखाडा होता. आपल्या मागें काय आहे?

दूरच्या फिलिपाइन्स बेटांत आर्निस नांवाची अशीच विद्या आहे. सुमारें दीड हात लांब वेताच्या काठीनें ती शिकवितात. वारांना क्रमांक असतात; क्रमांक तोच राहतो, मात्र हातांतील काठी जाऊन सुरी येते, सुरी जाऊन रिकामा हात येतो. दोन काठ्यांच्या जोडीकामास तेथें ‘सिनावली’, म्हणजे विणकाम, म्हणतात. आपला बुरूड तट्टा विणतो तसें. २००९ सालीं कायद्यानें हा त्या देशाचा राष्ट्रीय खेळ ठरला.

जोडीदार, हाच खरा मुद्दा. आपल्या कवाइतींत समोर कोणी नसतो. शिर, तमाचा, बाहेरा, कमर हीं वारांचीं नांवें मुलांस पाठ होतात. पण समोरचा किती हातांवर आहे, त्याचें वजन कोणत्या पायावर आहे, हें हवेंत लाठी फिरवून कधींच कळत नाहीं. तरुणपणीं मी शिकत असतां तालाच्या घमेंडींत सोबत्याच्या बोटांवर लाठी मारली. त्याचें नख काळें पडलें. उस्तादांनीं पंधरा दिवस मला एकहि वार करूं दिला नाहीं. केवळ अडवावयास लावलें. मला जें थोडेंबहुत येतें तें त्या पंधरवड्यांतलें.

एका पालकांनीं मला विचारलें, प्रभूनें पेत्राला तलवार म्यानांत घालावयास सांगितलें, मग मिशनच्या शाळेंत काठी कशाला? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. लाठीनें मनुष्य शांत होतो असें मी म्हणत नाहीं. लाठीनें डोकीं फोडणारेहि आपण पाहिले आहेत. परंतु पेत्राचा वार पडला तो एका दासाच्या कानावर! ज्यास हात आवरतां येत नाहीं, त्याचा वार असाच भलत्यावर पडतो. वार अर्ध्यावर थांबविणें ही शिकण्याची वस्तु आहे, आणि ती जोडीदाराशिवाय शिकतां येत नाहीं.

म्हणून माझी सूचना अशी कीं, दर शनिवारीं अर्धा तास, आठवीपासून, मुली धरून, जोडीनें लाठी शिकवावी. पहिले तीन महिने केवळ पवित्रा व अडविणें. पुढील संमेलनांत देखावा झाला नाहीं तरी चालेल. वेळूस आपल्या जिल्ह्यांत तोटा नाहीं. उणीव आहे ती उस्तादाची. कोणा विद्यार्थ्याच्या आजोबांस फरीगदगा येत असेल तर त्यांनीं शाळेंत निरोप धाडावा. कोठाराची किल्ली मीं मागून ठेविली आहे.