पिकतं तिथं विकत नाही?

मित्रांनो, ही म्हण आपल्या रावेरच्या केळीला लागू पडो न पडो, कंपन्यांना मात्र बरोबर लागू पडते! वरची जागा रिकामी झाली की आधी बाहेर जाहिरात. दहा वर्षं त्याच मशीनवर काम केलेला माणूस समोर असतो, पण तो 'आपलाच' ना, म्हणून दिसत नाही.

आता आपल्या स्टेशनवरून जाणाऱ्या गाड्या बघा. रेल्वे लोको पायलट थेट बाहेरून घेत नाही. भरती होते ती असिस्टंटची. मग ट्रेनिंग, मग मालगाडी, पॅसेंजर, मेल-एक्सप्रेस अशी बढती. शिवाय नव्या सेक्शनवर गाडी नेण्याआधी तो रस्ता 'शिकावा' लागतो. कुठे चढ, कुठे सिग्नल, हे कुठल्या डिग्रीत मिळतं? स्टेशन मास्तरांना शिकवणारी संस्था तर इथे भुसावळलाच आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा त्या माळावर तयार इंजिनिअर कुठून येणार? शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथेच इंजिनिअर म्हणून घडले.

मॅथ्यू बिडवेल यांनी अमेरिकेतल्या एका बँकेचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच कामासाठी बाहेरून आलेल्यांना सुमारे १८ टक्के जास्त पगार होता, आणि पहिली दोन वर्षं त्यांचं काम आतून बढती मिळालेल्यांपेक्षा कमी भरलं!

म्हणजे बाहेरून घेऊच नये का? तसं नाही. केळीच्या टिश्यू कल्चरची नवी लॅब काढायची तर पहिला शास्त्रज्ञ बाहेरूनच आणावा लागेल. जे ज्ञान घरात नाहीच, ते आणायलाच हवं. पण त्याच्या हाताखाली घरची माणसं तयार झाली पाहिजेत, नाहीतर तो गेला की लॅबला कुलूप.

"शिकवलं आणि पळाला तर?" हा मालकांचा ठरलेला प्रश्न. त्यावर बॉण्ड लिहून घेतात. बॉण्डने माणूस थांबतो, मन थांबत नाही. शिकवल्यावर पगार आणि पद दिलं तर तो कशाला पळेल?

कॅम्पसला कंपनी आली की पॅकेज आपण विचारतोच. यंदा आणखी एक विचारा : "सर, तुमच्याकडे खालून वर आलेले मॅनेजर किती?" आज आपण बाहेरचे म्हणून आत जाणार आहोत. पाच वर्षांनी आपणच 'आतले' असू!