अभंगाबरोबर अर्जही

सुरतजवळच्या हजिऱ्याच्या कारखान्यांत परप्रांतांतून आलेले कितीतरी मजूर राबतात. त्यातला एखादा मारामारीत अडकला, की लाजपोरच्या तुरुंगात जातो आणि जामीनदार मिळाला नाही तर तिथेच राहतो. २०२२ अखेर देशात ५,७३,२२० कैदी होते. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे दोष सिद्ध न झालेले.

धर्माने तुरुंगात शिरून पाहिले आहे. १९९४ मध्ये तिहारमध्ये हजारावर कैदी विपश्यनेला बसले. महाराष्ट्रातल्या कारागृहांत अभंगस्पर्धा होतात. मन निवते, खरेच. पण ज्याचे डोके फुटले त्याच्याशी समेट, त्याची भरपाई? ते टाळ-मृदंगाने होत नाही. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले, भिंतींवाचून. कैदी तिथे कुटुंबासह शेती करत. त्यावर बेतलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट पाहून आपण डोळे पुसले (१९५७), आणि पुन्हा भिंतीच बांधल्या.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते: फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळता, पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ काढला, की तुरुंग अधीक्षकाने त्याच्या सुटकेसाठी न्यायालयात अर्ज करावा. अभंगस्पर्धेच्या निकालासोबत या अर्जांचा आकडाही दरवर्षी जाहीर करा.