आखूड पल्ला, आखूड विवेक

आखूड पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांमुळे युद्ध आटोक्यात राहते, असे प्रतिपादन करणारे पंडित हल्ली पुष्कळ झाले आहेत. आम्हांस हे मत मुळीच मान्य नाही. पाकिस्तानने २०११ साली ‘नस्र’ची पहिली चाचणी घेतली, पल्ला ६० किलोमीटर, आणि भार अण्वस्त्राचाही! असले अस्त्र सीमेजवळ आणल्यावाचून उपयोगाचे नाही. आणि तेथे आणले की, शत्रूच्या हाती पडण्यापूर्वी ते डागून टाकावे, हा मोह आलाच. आपल्या ‘प्रलय’चा पल्ला १५० ते ५०० किलोमीटर, त्यात साधी स्फोटके असतात, असे आपण म्हणतो. परंतु येणाऱ्या अस्त्राच्या पोटात काय आहे, हे ते पडण्यापूर्वी शत्रूने कसे ओळखावे? विचारास मिळतात ती मोजकी मिनिटे. २००५ सालच्या करारान्वये क्षेपणास्त्र-चाचणीची पूर्वसूचना देण्याचे व चाचणीचे स्थळ सीमेपासून ४० किलोमीटरांच्या आत न ठेवण्याचे उभय देशांनी मान्य केले. चाचणीपुरते जे शहाणपण सुचले, ते तैनातीच्या वेळी कोठे जाते? ही अस्त्रे सीमेपासून दूर ठेवण्याचा करार व्हावा, हे आमचे स्पष्ट मागणे आहे. त्यास भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी एकदा अमृतसर व लाहोर यांमधील अंतर नकाशावर मोजून पाहावे!