तहान मारणाऱ्या बायका

उन्हाळा आला की ‘दिवसाला आठ ग्लास पाणी प्या’ हा सल्ला सुरू होतो. १९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने दिवसाला अडीच लिटरचे प्रमाण सांगितले, तेव्हाच त्यातले बरेचसे पाणी अन्नातून मिळते, हेही नोंदवले होते. ते वाक्य मात्र मागे पडले. आमटी, ताक, कलिंगड यांतले पाणीही पाणीच!

दादरच्या फुलबाजारात पहाटेपासून बसणाऱ्या बाईला ग्लास मोजायचेच नसतात. पाणी प्यायले की जावे लागणार. जागा स्वच्छ नसते, टोपली सोडून जायची सोय नसते. म्हणून ती घोटभर पिऊन तहान मारते. लालबाग-परळच्या जुन्या चाळींत सामाईक संडास गॅलरीच्या टोकाला. तिथल्या आजी संध्याकाळनंतरच नव्हे, दिवसाही हात आखडता घेतात. म्हातारपणी तहान मुळात कमी लागते, ही त्यात भर. पाणी कमी आणि लघवी तासन्‌तास रोखलेली, यातून मूत्रमार्गाचा संसर्ग आणि मुतखडा बळावतो.

अशा बाईच्या चिठ्ठीवर ‘भरपूर पाणी प्या’ लिहिणे हा अर्धाच उपचार. ‘जाता कुठे?’ हेही डॉक्टरांनी विचारायला हवे. स्त्रियांना स्वच्छ, मोफत मुताऱ्या मिळाव्यात, ही मुंबईतल्या ‘राइट टू पी’ मोहिमेची मागणी म्हणूनच आरोग्याचीही आहे.

तोवर, लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी वाढवावे. आजींनी दुपारपर्यंतच जास्त प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.