मोटारक्रीडेचा पाया महाराष्ट्रात घालण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : परवडणारे कार्टिंग मार्ग, मार्शल व मेकॅनिक प्रशिक्षण आणि मोटारक्रीडा उद्योगास चालना मिळणेबाबत.

महोदय,

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या पट्ट्यात वाहनउद्योग एकवटलेला असून वाहनांची चाचणी व संशोधन करणारी एआरएआय ही संस्थाही १९६६ पासून पुण्यातच आहे; तरीही मोटारींच्या राष्ट्रीय सर्किट शर्यती अनेक दशके मुख्यतः चेन्नई आणि कोईमतूर येथेच होत आल्याने येथील होतकरू चालकाला गाडी, सुटे भाग आणि मेकॅनिक घेऊन सुमारे १२०० किलोमीटर जावे लागते. मुंबईच्या महिंद्र समूहाचा संघ २०१४ पासून फॉर्म्युला ई या विद्युत मोटारींच्या जागतिक स्पर्धेत उतरतो, पण त्याची कार्यशाळा इंग्लंडमधील बॅनबरी येथे आहे, कारण शर्यतीच्या गाड्या घडवणारे कसबी हात आणि छोटे पुरवठादार त्या परिसरात पिढ्यानपिढ्या तयार झाले आहेत.

केवळ मोठी स्पर्धा आणून हा पाया तयार होत नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन शर्यत झाली, करमणूक करावरून वाद झाले आणि शर्यत थांबली.

खरी सुरुवात कार्टपासून होते. कार्ट म्हणजे स्प्रिंग वा शॉक अॅब्सॉर्बर नसलेली, जमिनीलगत बैठक असलेली छोटी उघडी गाडी; तिच्यात रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट पाठीला कळतो आणि वळणावर ब्रेक किंचित उशिरा दाबल्याची चूक तत्काळ ध्यानात येते. म्हणून प्रत्येक महसुली विभागात शासनाने एक कार्टिंग मार्ग उभारावा, तेथे कार्ट व हेल्मेट माफक भाड्याने मिळावेत आणि मुलींसाठी सरावाच्या वेळा राखून ठेवाव्यात. बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से यांनी २०१९ मध्ये मोटारसायकलींच्या बाहा विश्वचषकात महिला गटाचे विजेतेपद मिळवले आहे, तेव्हा मुलींच्या क्षमतेविषयी शंकेला जागा उरत नाही.

वळणावर उभा राहून धोक्यासाठी पिवळा आणि शर्यत थांबवण्यासाठी लाल झेंडा दाखवणारा मार्शल नसेल, तर शर्यत सुरूच होऊ शकत नाही. या मार्शलांचे प्रशिक्षण व विमा शासनाने मोटारक्रीडेच्या राष्ट्रीय महासंघाच्या साहाय्याने हाती घ्यावा, आयटीआयमध्ये शर्यतीच्या गाड्यांच्या जुळणीचा अभ्यासक्रम सुरू करावा आणि स्पर्धेच्या सुट्या भागांवरील आयात शुल्कात सवलत देण्याची शिफारस केंद्राकडे करावी.

या मागण्यांवर चर्चेसाठी शिष्टमंडळास भेटीची वेळ मिळावी, ही विनंती.

निवेदनकर्ते,
मोटारक्रीडापटू, मेकॅनिक, मार्शल व अभियांत्रिकीचे विद्यार्थी, पुणे जिल्हा