धार कुणाच्या हातात?

“लाकूड चांगलं आहे, तुझा हातच अजून बसलेला नाही.” लेथवर काम करायला लागले, त्या पहिल्या वर्षी हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. आणि गंमत म्हणजे, मलाही ते पटायचं!

आमची सावंतवाडी लाकडी खेळण्यांची. चितारआळीत शिरलं की रंगीत फळं, भातुकली, करंडे मांडलेले दिसतात. आमच्या घरात या कामाची वाटणी ठरलेली होती. लेथ पुरुषांनी चालवायचा, रंग बायकांनी द्यायचा. सासऱ्यांचे गुडघे धरले, दीर नोकरीसाठी मुंबईला गेले आणि लेथ माझ्याकडे आला.

बाहेरून गोलाई आणणं लवकर जमलं. अडलं ते करंडा आतून कोरताना. बाहेरचं काम करताना हत्यार टेकूच्या अगदी जवळ असतं. आत कोरताना मात्र ते टेकूच्या पुढे लांब जातं, टोक दिसत नाही. कळतं ते फक्त आवाजावरून आणि हाताला जाणवणाऱ्या थरथरीवरून. त्यात धार लावायचं काम माझं नव्हतंच. शेजारचे एक कारागीर आठवड्यातून एकदा येऊन लावून द्यायचे. मधले दिवस बोथट हत्यारावरच रेटायचे.

एक दिवस हत्यार आत अडकलं. करंड्याचे तीन तुकडे झाले, एक थेट तोंडावर आला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. सासऱ्यांनी हत्यार हातात घेतलं, धार पाहिली आणि म्हणाले, “हाताक कित्याक दोष देतंस गे? धार गेलीहा.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला शिकवायला घेतलं. लाकडाच्या साली सुटायच्या थांबल्या आणि नुसती धूळ पडू लागली, की धार गेली. जास्त जोर लावावासा वाटला, तरी तेच. पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडाला तर धार जास्तच लागते. बोथट हत्यार त्याचे तंतू कापत नाही, उपटतं. धारेच्या उतारावर मार्करची शाई लावायची, दगडाचं चाक बंद ठेवून हाताने थोडं फिरवायचं. शाई जिथली पुसली, तिथेच दगड लागतोय. तो सगळ्या उतारावर लागेल असा कोन जमला, की मगच मशीन चालू करायचं. साध्या पोलादाचं हत्यार दगडावर निळं पडलं तर त्याचं पाणी उतरलं समजा. म्हणून मधेमधे ते पाण्यात बुडवायचं. हायस्पीड स्टीलला ही भीती फारशी नसते.

मग जुळवणी. टेकू करंड्याच्या तोंडाला जमेल तितका जवळ आणायचा. आतून खरवडताना मूठ किंचित उचललेली आणि टोक मध्यरेषेच्या जरासं वर. म्हणजे हत्यार खाली दबलं तरी लाकडात घुसत नाही, सुटतं. पातं स्क्रूने बसवलेलं असेल तर तो रोज आवळून बघायचा. आत साचलेला भुसा काढायला किंवा टेकू हलवायला मशीन बंदच करायचं. आणि पदर खोचलेला, केस बांधलेले, बांगड्या काढलेल्या!

हे शिकायला मला महिना लागला. ‘हात बसायला’ वर्ष वाया गेलं होतं.

मैत्रिणींनो, मला प्रश्न पडतो तो इथे. बाईला काम शिकवतात, पण कामाचं हत्यार राखायला का शिकवत नाहीत? मी एका प्रशिक्षण वर्गाला गेले होते. तिथे आम्हाला हत्यारं धार लावूनच मिळायची. विचारलं तर उत्तर आलं, “तुम्ही कशाला हात काळे करता? आम्ही करून देऊ ना!” त्यात काळजी होती, नाही म्हणत नाही. पण पुढे बाहेरचं काम घेतलं तेव्हा “धार आमची” म्हणून करंड्यामागे माझेच पैसे कापले गेले. काळजीची किंमत मीच मोजली.

शिलाईचंही तेच. ब्लाऊज उत्तम शिवणाऱ्या माझ्या ओळखीच्या बायका टाके सुटायला लागले की मेकॅनिकची वाट बघत मशीन झाकून ठेवतात. कितीदा दोष फक्त बोथट सुईचा किंवा दोऱ्याच्या ताणाचा असतो. सणाच्या तोंडावर आठ दिवस मशीन बंद, म्हणजे आठ दिवसांची कमाई गेली.

सगळं स्वतःच करा, असं माझं म्हणणं नाही. दगडाचं चाक धोक्याचं आहे, ते जाणत्याकडूनच शिकावं. मोठी दुरुस्ती कारागिरालाच द्यावी. पण काय बिघडलंय, एवढं तरी आपल्याला कळायला हवं. ते कळलं नाही, की आपण बिघाड स्वतःच्या अंगावर घेतो. ‘माझ्याच हाताला गुण नाही’ म्हणत गप्प बसतो.

तेव्हा पुढच्या वेळी विळीवर भाजी चिरण्याऐवजी चेंगरायला लागली, तर हाताला बोल लावू नका. आधी पात्याकडे बघा. आणि मुलीला काही शिकायला पाठवाल तेव्हा एवढं जरूर विचारा, “हत्यार बिघडलं तर काय करायचं, तेही शिकवणार ना?”